‘पिशवीला हात लागला’

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक वाक्य वारंवार आढळूं लागलें आहे. कोणी सूनबाई लिहितात, कोणी सासूबाई लिहितात, एकदां तर एका मामंजींनीं लिहिलें, परंतु वाक्य तेंच : “पिशवीला हात लागला आहे, आतां मूल होईल काय?” हात लागला म्हणजे काय झालें, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत गर्भ गेला आणि डॉक्टरीणबाईंनीं क्युरेटिंग केलें, किंवा पाळींत रक्त फार जाई म्हणून अस्तराचा तुकडा तपासणीस घेतला, किंवा आंत वाढलेला मांसल कोंब, ज्यास डॉक्टर पॉलिप म्हणतात, तो दुर्बिणींतून पाहून काढून टाकला. काम थोड्या मिनिटांचें. रुग्ण बहुधा त्याच दिवशीं घरीं येते. परंतु त्या थोड्या मिनिटांवरून पुढें कित्येक महिने माजघरांत कुजबुज चालते, आणि ती कुजबुज जिच्याविषयीं चाललेली असते तिला ती भिंतीपलीकडूनही स्पष्ट ऐकूं येते.

आम्ही वैद्य नव्हों. औषध सांगणें हा आमचा अधिकार नाहीं आणि तसा आमचा हेतूही नाहीं. परंतु ज्या भीतीनें शिकलेल्या घरांतील माणसेंही एका मुलीकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागतात, त्या भीतींत खरें किती व खोटें किती, हें वाचून-विचारून सांगणें हें या सदराचें कर्तव्य होय असें आम्ही समजतों.

प्रथम अवयवाची ओळख करून घेऊं. गर्भाशय म्हणजे साधारण पेरूएवढी, जाड स्नायूंची एक पिशवी. तिच्या आंतील बाजूस मऊ अस्तर असतें. हें अस्तर दर महिन्यास वाढतें. गर्भ राहिला नाहीं तर पाळीच्या रूपानें गळून जातें. आणि तळाशीं जो थर शिल्लक राहतो त्यांतून पुन्हां नवें उगवतें. आमच्या भुसावळ-रावेर-यावलकडील वाचकांस हें समजावयास एक दृष्टांत पुरे आहे. केळीचा घड उतरल्यावर झाड कापतात. पण कंद शाबूत असला म्हणजे त्यांतून पील निघतें आणि बाग पुन्हां उभी राहते. क्युरेटिंगमध्यें जें काढतात तें बहुतेक वरचें, गळून जाण्याच्याच वाटेवरचें असतें. कंदाला इजा झाली तर मात्र गोष्ट निराळी; तिचा विचार पुढें करूं.

आतां आपल्या शास्त्रांकडे वळूं, कारण घरांतील वडीलधारीं माणसें पुष्कळदां शास्त्राच्याच नांवानें बोलतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भ राहण्यास चार गोष्टी लागतात असें सांगितलें आहे : ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज. शेतांत अंकुर फुटावयासही याच चार गोष्टी लागतात. पीक बुडालें असतां शहाणा शेतकरी पाऊस कसा झाला तें पाहतो, बियाणें कसें होतें तें पाहतो, आणि मग जमिनीकडे वळतो. आपल्या घरांत मात्र चारांपैकीं तिहींचें नांवही न घेतां एकट्या क्षेत्रावर, म्हणजे सुनेच्या पिशवीवर, सारा ठपका ठेवला जातो. आजचें शास्त्र काय सांगतें ? पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांपैकीं निम्मे किंवा त्याहूनही अधिक, बीज जुळतांना गुणसूत्रांच्या वांटणींत जो दोष राहून जातो त्यामुळें जातात. तो दोष बहुधा आकस्मिक असतो. सुनेनें बादली उचलली म्हणून, पपईची फोड खाल्ली म्हणून, किंवा ग्रहणांत सुरी हातीं धरली म्हणून तो उत्पन्न होत नाहीं. ओळखल्या गेलेल्या शंभर गर्भांपैकीं दहा ते वीस असे जातात. म्हणजे ज्या घरांत चार जावा आहेत, त्या घरांत हें दुःख एखादीच्या वांट्यास आलेलें असण्याचा संभव पुष्कळच आहे. मग ती बोलो अगर न बोलो.

मनुस्मृतींत गर्भस्रावाविषयीं एक नियम आहे तोही येथें सांगण्यासारखा आहे. गर्भ जितक्या महिन्यांचा होता तितक्या रात्रींनीं स्त्री शुद्ध होते, असा त्याचा आशय. तीन महिन्यांचा गर्भ गेला तर तीन रात्री ! शास्त्र तिला चवथ्या दिवशीं मोकळी करतें, आणि शास्त्राचे अभिमानी म्हणविणारे आपण तिला तीन-तीन वर्षें मोकळी करीत नाहीं, याला काय म्हणावें ?

आतां मुख्य प्रश्न. पिशवी शस्त्रक्रियेनें रिकामी केली म्हणून पुढें मूल होण्यास अडथळा येतो काय ? या प्रश्नाचा छडा इंग्लंडांत फार सरळ रीतीनें लावला गेला. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचा गर्भ गेला होता अशा बायकांच्या, चिठ्ठ्या टाकून कराव्यात तशा, तीन तुकड्या केल्या. एकीस निसर्गावर सोडून वाट पाहूं दिली, दुसरीस औषधें दिलीं, तिसरीची पिशवी शस्त्रक्रियेनें रिकामी केली. पुढें या बायकांची विचारपूस केली आणि २००९ सालीं तिचा हिशेब प्रसिद्ध झाला. वाट पाहणाऱ्यांपैकीं शंभरांत ७९ जणींस, औषध घेतलेल्यांपैकीं ७९ जणींस आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं ८२ जणींस पांच वर्षांच्या आंत जिवंत मूल झालेलें होतें. हे तीन आंकडे जवळजवळ एकच होत. ‘हात लागला’ म्हणून त्या बायका मागें पडल्या नाहींत. पांचांतील चौघींच्या मांडीवर मूल आलें. आमच्या मतें हा एक आंकडा प्रत्येक माजघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

तथापि भीति सर्वस्वी खोटी आहे असें म्हणणें हेंही सत्यास धरून होणार नाहीं. वर कंदाची गोष्ट सांगितली ती आतां पुरी करूं. १९४८ सालीं जोसेफ ॲशरमन नांवाच्या डॉक्टरांनीं, क्युरेटिंगनंतर पाळी बंद पडलेल्या बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. अस्तराचा तळचा थर फार खरवडला गेला तर पिशवीच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींस चिकटतात, आणि मग तेथें अस्तर उगवत नाहीं. या विकारास त्यांचेंच नांव पडलें आहे. गर्भपातानंतर दुर्बिणीनें तपासलेल्या बायकांचे अहवाल एकत्र करून २०१४ सालीं हॉलंडांतील डॉक्टरांनीं जो हिशेब मांडला, त्यांत शंभरांत सुमारें १९ जणींस असें कांहींना कांहीं चिकटलेलें आढळलें. मात्र त्यांतील निम्म्याहून अधिकांचें तें अगदीं सौम्य होतें. ज्यांचें क्युरेटिंग एकाहून अधिक वेळां झालें होतें त्यांच्यांत प्रमाण जास्त होतें. गर्भ गेल्यावर वारंवार क्युरेटिंग झालेल्यांस पुढील बाळंतपण थोडें लवकर होण्याचा संभवही किंचित् वाढतो असें दिसून आलें आहे. तात्पर्य काय, तर एकदां झालेल्या साध्या क्युरेटिंगचें भय बाळगूं नये. परंतु कारण नसतां तें पुन्हां पुन्हां करून घेऊं नये.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पिशवी रिकामी करण्याच्या रीति दोन आहेत. एक धारेच्या चमच्यानें खरवडण्याची. दुसरी नळीनें शोषून घेण्याची. गर्भपातासाठीं खरवडण्याची रीति जुनी झाली असून तिच्या जागीं शोषण्याची रीति अथवा औषधें वापरावीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१२ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत स्पष्ट सांगितलें आहे. तेव्हां असा प्रसंग आला असतां “बाई, खरवडणार कीं शोषून घेणार ? औषधानें भागेल काय ?” एवढें विचारण्यास कोणीही संकोच मानूं नये. चांगला डॉक्टर या प्रश्नानें रागावत नाहीं.

आणखी एक शत्रु आपल्या देशांत लपून बसलेला असतो, तो म्हणजे क्षय. क्षय फुफ्फुसांचाच असतो असें नाहीं. तो गर्भनलिकांत व पिशवींतही शिरतो, खोकला नाहीं, ताप नाहीं, असा वर्षानुवर्षें राहतो, आणि अस्तर व नलिका दोन्ही खराब करतो. ज्या सुनेस क्युरेटिंगमुळें मूल होत नाहीं असें सारें घर म्हणत असतें, तिच्या पिशवींतील खरा अपराधी कधीं कधीं हा असतो. म्हणून काढलेला तुकडा तपासणीस पाठविला कीं नाहीं, आणि त्याचा रिपोर्ट काय आला, हें विचारून घ्यावें.

या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी तेंही सांगून ठेवतों. ताप, थंडी, घाण वास येणारा स्राव, पोटांत वाढती कळ किंवा तासागणिक घड्या भिजविणारें रक्त, यांपैकीं कांहीं दिसल्यास उद्यांची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. पाळी साधारणतः चार ते सहा आठवड्यांत परत येते. आठ आठवडे होऊनही आली नाहीं, किंवा पूर्वीच्या मानानें अगदीं नांवापुरती येऊं लागली, किंवा दर महिन्यास पोट दुखतें पण रक्त दिसत नाहीं असें झालें, तर तपासून घ्यावें. गर्भ राहिला नसल्याची खात्रीही त्याच वेळीं होते. चिकटलेल्या भिंती दुर्बिणीनें सोडवितां येतात, आणि त्यानंतर पुष्कळ बायकांस दिवस राहतात. मात्र अशा गर्भारपणांत वार पिशवीस घट्ट चिकटण्याचें भय असतें. म्हणून बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयांतच व्हावें, आणि पूर्वीची हकीकत तेथील डॉक्टरांस आधींच सांगावी.

पुन्हां दिवस केव्हां राहूं द्यावे, हा पत्रांतील दुसरा प्रश्न. गर्भपातानंतर निदान सहा महिने थांबावें असें जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं पूर्वी सुचविलें होतें. त्यानंतर स्कॉटलंडांतील ३० हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासून २०१० सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत पहिला गर्भ गेल्यावर सहा महिन्यांच्या आंत दिवस राहिलेल्यांचें कांहीं बिघडलें नाहीं, उलट त्यांच्यांत पुन्हां गर्भ जाण्याचें प्रमाण कमीच होतें, असें आढळलें. आतां पुष्कळ डॉक्टर एक-दोन पाळ्या नीट येऊं द्याव्यात, अंगांत रक्त भरूं द्यावें आणि मन तयार झालें म्हणजे पुढें जावें, असें सांगतात. क्षयावर औषध चालू असेल, अंगांत रक्त फार कमी असेल किंवा दुसरा कांहीं आजार असेल, तर अर्थात् मुदत डॉक्टरांनीं ठरवावी. ती सासूबाईंनीं ठरवूं नये आणि शेजारणीनेंही ठरवूं नये.

येथवर ‘हात लागल्यानें’ काय बिघडतें व काय बिघडत नाहीं तें सांगितलें. आतां हात लागल्यानें गर्भ वांचतो कसा तेंही सांगितलें पाहिजे; आणि ही कथा आपल्याच माणसाची आहे.

गोव्यांतील शिरोडें गांवीं १८९९ सालीं विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते शिकले, विलायतेस जाऊन १९३१ सालीं तेथील शस्त्रवैद्यांची पदवी घेऊन आले, आणि पुढें त्याच कॉलेजांत प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे अशा बायका येत कीं ज्यांचा गर्भ चांगला चार-पांच महिन्यांचा होऊन, कळा फारशा न येतां, अकस्मात् खालीं येई. एकदां नव्हे, तर पुन्हां पुन्हां. सुश्रुतानें चवथ्या महिन्यापर्यंतच्या हानीस स्राव आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांतील हानीस पात म्हटलें आहे. या बायकांचें दुःख बहुतेक त्या दुसऱ्या जातीचें होतें. यांच्या बीजांत दोष नव्हता. पिशवीचें तोंडच दुबळें असून गर्भाचें ओझें वाढतांच तें उघडत होतें. शिरोडकरांनीं रुग्णाच्याच मांडींतील चिवट पडद्याची एक पट्टी घेतली, ती पिशवीच्या तोंडाभोंवतीं वरच्या त्वचेखालून फिरविली आणि थैलीची नाडी आंवळावी तशी आंवळून बांधली. १९५५ सालीं त्यांनीं हें काम प्रसिद्ध केलें. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर इयन मॅक्डोनाल्ड यांनीं १९५७ सालीं याहून सोपा टांका सांगितला, आणि आज तोच अधिक घालतात. परंतु जगांतील प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत ‘शिरोडकर टांका’ हें नांव अद्यापि कायम आहे. सरकारनें त्यांस १९६० सालीं पद्मभूषण व १९७१ सालीं पद्मविभूषण दिलें. त्याच १९७१ सालीं ते वारले.

हा टांका साधारणतः बाराव्या ते चवदाव्या आठवड्याच्या सुमारास घालतात, आणि छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यांत काढतात. मग बाळ आपल्या वेळेवर येतें. मात्र टांका म्हणजे सर्व गर्भपातांवरचा उतारा नव्हे. १९९३ सालीं बारा देशांतील १२९२ बायकांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत टांका घातलेल्यांपैकीं शंभरांत १३ जणींचें व न घातलेल्यांपैकीं १७ जणींचें बाळंतपण तेहेतिसाव्या आठवड्याच्या आंत झालें. आणि ज्यांस पूर्वीं तीन अगर अधिक वेळां असें झालें होतें त्यांसच त्याचा खरा लाभ दिसला. दुसऱ्या महिन्यांत एकदां गर्भ गेला म्हणून पुढच्या वेळीं “टांका घालून टाका” असा आग्रह धरणें योग्य नाहीं. जेथें तोंड दुबळें तेथेंच टांका. जेथें बीज सदोष तेथें त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

हाच विवेक ‘पिशवी धुऊन घ्या’ या सल्ल्यासही लावला पाहिजे. लग्नास सहा महिने झाले, दिवस राहिले नाहींत, म्हणून कोणी मावशी सांगते, “एकदां पिशवी साफ करून घे, लगेच दिवस राहतील.” पिशवी ही कांहीं घासावयाची पितळी घागर नव्हे. ती दर महिन्यास आपण होऊन स्वच्छ होते. विशिष्ट कारणासाठीं, दुर्बिणींतून पाहून, पॉलिप काढणें किंवा तपासणीस तुकडा घेणें वेगळें, आणि नुसती धुवावयाची म्हणून खरवडणें वेगळें. पहिल्यांत लाभ असूं शकतो. दुसऱ्यांत वर सांगितलेला धोका मात्र विकत घेतला जातो.

आतां कुटुंबानें काय करावें ? एक, सर्व कागद एका पिशवींत जपून ठेवावे : सोनोग्राफी, शस्त्रक्रियेची नोंद, तुकड्याचा रिपोर्ट. भुसावळाहून कोणी जळगांवास तपासून घेतात, कोणी रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठतात; नव्या डॉक्टरांपुढें कागद नसले म्हणजे तीच तपासणी पुन्हां, आणि कधीं कधीं तेंच क्युरेटिंगही पुन्हां. दोन, सुनेचा रक्तगट माहीत असावा. तो निगेटिव्ह व पतीचा पॉझिटिव्ह असेल तर शस्त्रक्रियेनंतर ७२ तासांच्या आंत एक इंजेक्शन द्यावें लागतें. तें चुकल्यास पुढल्या मुलास बाधा होऊं शकते. तीन, रक्त भरून काढावें. कळण्याची भाकरी, मेथी, डाळी हीं उत्तमच. परंतु डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचें काम त्यांनीं होत नाहीं. फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्यापूर्वींपासूनच चालू असावी. चार, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहींत, किंवा पस्तिशी उलटलेली असून सहा महिने गेले, किंवा दोनदां गर्भ गेला, तर तपासणी करावी. आणि ती दोघांची करावी. मूल न होण्याच्या प्रकरणांत निम्म्याच्या आसपास पुरुषाकडील कारणाचाही वांटा असतो. पुरुषाची पहिली तपासणी अत्यंत सोपी व बिनशस्त्राची आहे; तरी सुनेची पिशवी तीनदां तपासून होते आणि मुलाची तपासणी एकदांही होत नाहीं, असें प्रतिष्ठित घरांतही घडतें. बीज न पाहतां क्षेत्रच पुन्हां पुन्हां नांगरणारा शेतकरी कोणी शहाणा म्हणेल काय ?

शेवटची गोष्ट औषधाची नव्हे, रीतीची आहे. जिचा गर्भ गेला तिला दुसरीच्या डोहाळजेवणास बोलावीत नाहींत, बोलावलें तर ओटी भरावयास पुढें करीत नाहींत, आणि बारशांत पाळण्याची दोरी तिच्या हातीं देत नाहींत. ‘तिची दृष्ट लागेल’ असें कोणी उघड म्हणत नाहीं. नुसतें ताट दुसरीच्या हातीं जातें. जिला ही रीति बोचते ती तक्रार कोणाकडे करणार ? या रीतीस आम्हांस माहीत असलेल्या कोणत्याही शास्त्राचा आधार नाहीं, आणि वैद्यकाचा तर नाहींच नाहीं. सासूबाईंनीं पुढच्या खेपेस तिलाच नांवानें हांक मारावी आणि “सूनबाई, पहिली ओटी तूं भर” एवढें चारचौघींत म्हणावें. ती येवो अगर न येवो. ज्या दिवशीं तिला जड वाटेल त्या दिवशीं न येण्याचीही तिला मुभा असावी. परंतु दार तिच्यासाठीं उघडें आहे हें तिला कळलें पाहिजे.